धडधाकट मोतीला दवाखान्यात कशाला न्यायचं?

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नावगाव गाळून ते असं:

"डॉक्टर, नमस्कार. आमचं कोरडवाहू वावर आहे. घरी दोन बैल, एक गाय, चार शेळ्या आणि मोती. मोती गावठी, सहा वर्षांचा. रात्री मालकांसोबत जागलीला जातो, रोही-रानडुकरं हाकलतो, दिवसा कोठ्यात झोपतो. माझा तीन वर्षांचा मुलगा दिवसभर त्याच्याच अंगाखांद्यावर असतो. दिवाळीत पुण्याचा भाचा आला होता. त्याच्या लॅब्रॅडॉरची दरवर्षी रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी अशी सगळी तपासणी होते म्हणाला. मी घरात विषय काढला तर सासरे म्हणाले, 'कुत्र्याले कायचा आला दवाखाना? धडधाकट तर आहे.' आमचा आधीचा वाघ्यापण धडधाकटच होता. चार वर्षांचा असताना वैशाखात त्याचा घोळणा फुटला. ऊन लागलं म्हणून आम्ही ओलं पोतं टाकलं, कांदा हुंगवला. तिसऱ्या दिवशी गेला. मोतीला लहानपणी एकदा रेबीजची सुई दिली होती, त्यानंतर काही नाही. रविवारी मटणाच्या दुकानातलं आतडं-काळीज त्याला आणून टाकतो. दरवर्षी न्यायची खरंच गरज आहे का? काय तपासायचं? आणि आमच्याकडे ते होतं कुठं?"

ताई, नमस्कार.

मोतीला वर्षातून एकदा दवाखान्यात न्यायलाच हवं, आणि तो धडधाकट आहे तेव्हाच न्यायला हवं. भाच्याच्या लॅब्रॅडॉरची यादी मात्र जशीच्या तशी मोतीला लावू नका. मोती राहतो कुठे, खातो काय, काम काय करतो, यावरून त्याची तपासणी ठरते. ती यादी लहान आहे आणि तुम्हाला झेपेल अशी आहे.

सुरुवात वाघ्यापासून करते, कारण पत्रातली ती तीन-चार वाक्यं वाचून फार हळहळ वाटली. पत्रावरून निदान करू नये, हे खरं. पण आपल्या भागात तरण्याताठ्या कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं की माझा पहिला संशय गोचिडीवर असतो, उन्हाचा नंबर नंतर. गोचीड चावते तेव्हा एर्लिकिया नावाचे जंतू रक्तात जातात. ते पांढऱ्या पेशींत घर करतात आणि रक्त गोठायला लागणाऱ्या प्लेटलेट्स कमी होऊ लागतात. पहिल्या काही आठवड्यांत कुत्र्याला ताप येतो, दोन-चार दिवस तो भाकरीला तोंड लावत नाही, मग आपोआप उठतो. घरच्यांना वाटतं, निभावलं. जंतू मात्र आत तसेच राहू शकतात, महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं. या काळात कुत्रा खातो, भुंकतो, डुकरामागे धावतो, बाहेरून काही कळत नाही. काही कुत्र्यांचं शरीर जंतूंना हुसकून लावतं. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या हाडांच्या मगजात रक्त तयार व्हायचं काम मंदावतं, आणि मग एक दिवस घोळणा फुटतो. तो वैशाखात फुटला की आपण उन्हाला दोष देतो.

या मधल्या गुपचूप काळात रक्त तपासलं तर उतरलेल्या प्लेटलेट्स बरेचदा दिसतात. निरोगी कुत्र्यात त्या रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे साधारण 2 ते 5 लाख असतात. वेळेत सापडलं तर डॉक्टर साधारण महिनाभर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात आणि बहुतेक कुत्री सुधारतात. घोळणा फुटलेल्या अवस्थेत आणलेल्या कुत्र्याला वाचवणं फार अवघड जातं. तुमच्या सासऱ्यांना हीच गोष्ट सांगा. ते समजून घेतील असं मला वाटतं, कारण हा विचार त्यांच्या ओळखीचा आहे. घटसर्प-फऱ्याची लस बैलांना पावसाळ्याआधीच टोचून घेतात ना? 2022 साली लम्पीची साथ आली तेव्हा महाराष्ट्रभर चांगल्या गाई-बैलांनाच लस दिली गेली. मोती रात्रभर पीक राखतो, त्यालाही तोच न्याय लावायचा.

तर पहिला खर्च रक्तावर करा. दोन गोष्टी मागा. एक सीबीसी, म्हणजे पेशींची मोजणी. दुसरी स्मिअर. कानाच्या टोकाला बारीक सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतात, तो पातळ पसरवतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गोचिडीतूनच येणारा बबेशिया नावाचा दुसरा परजीवी तांबड्या पेशींत बसलेला असतो, तो असाच पकडला जातो. कानाच्या थेंबात तो सापडण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तिथलं रक्त. आणि एक लक्षात ठेवा. तालुक्याला माणसांच्या पॅथॉलॉजीत रक्त द्यावं लागलं आणि प्लेटलेट्स फार कमी आल्या, तर नुसत्या मशीनच्या आकड्यावर घाबरू नका. कधी कधी प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि मशीन त्या मोजत नाही. काच बघून खात्री करायला सांगा. उलट, स्मिअरमध्ये काही दिसलं नाही म्हणजे रोग नाहीच, असंही नसतं. प्लेटलेट्स खरोखर कमी असतील तर डॉक्टर पुढची चाचणी सांगतील.

गोळ्या स्वतःच्या मनाने मात्र आणू नका. मेडिकलवाल्याने दिल्या तरी नको.

गोचिड्यांचं आणखी थोडं सांगते, कारण दवाखान्यातून आल्यावर खरं काम तुमच्या कोठ्यातच आहे. कुत्र्याची तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत, खाटेच्या सुंभात जाऊन हजारो अंडी घालते. कुत्र्याला कितीही औषध लावलं आणि भेगा तशाच ठेवल्या, तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मोती जिथे बसतो तिथल्या भेगा लिंपून घ्या, त्याचं पोतं आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढा. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल लावणं, बिडीने चटका देणं बंद. आणि हात जोडून सांगते, कपाशीवर फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगावर कधीही घालू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. कुत्रा तर ते अंग चाटतो. ढोरांना देतात ती आयव्हरमेक्टिनची सुईही अंदाजाने टोचून घेऊ नका, कुत्र्याचं माप वेगळं असतं आणि काही जातींना ती जिवावर बेतते. मानेवर टाकायचे थेंब किंवा खायची गोळी वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता रेबीज. लहानपणी दिलेली ती एक सुई आता हिशेबात धरू नका. तीन महिन्यांच्या पिल्लाला पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, आणि पुढे दरवर्षी. बाकी सगळं परवडलं नाही तरी हे सोडायचं नाही. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमीच कुत्र्याच्या चाव्यातून येतो, आणि लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही असंच धरून चालावं. रात्री वावरात मोतीची गाठ कोल्ह्याशी पडते की पिसाळलेल्या कुत्र्याशी, हे तुमच्या मालकांनाही दिसत नाही. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. सरकारी दवाखान्यात साठा नसेल आणि मेडिकलमधून आणावी लागली, तर बर्फ घातलेल्या थर्मासमधून न्या. शर्टाच्या खिशात घालून उन्हातून नेलेली लस टोचली काय आणि न टोचली काय, सारखंच. टोचल्यावर तारीख आणि बॅच नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास अनेक ठिकाणी मोफत लसीकरण होतं, तेव्हाही चौकशी करा.

घरात लेकरू आहे म्हणून एवढं अजून: कोणताही कुत्रा चावला किंवा ओरखडला, अगदी मोतीसुद्धा, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. चुना, मिरची, हळद काही भरायचं नाही.

डिस्टेंपर, पार्व्हो या विषाणूंच्या रोगांची एकत्र लस मोतीला कधी दिलेलीच नाही, ती आता सुरू करता येते. या लशी दरवर्षी घ्यायलाच हव्यात असं नाही. जगभरातल्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची संघटना, डब्ल्यूएसएव्हीए, सांगते की सुरुवातीचे डोस नीट झाले की मोठ्या कुत्र्याला त्या तीन वर्षांतून एकदा पुरतात. त्यातला लेप्टोचा भाग मात्र दरवर्षीचा. उंदराच्या मुतातून पसरणारा हा रोग माणसालाही होतो, आणि धान्याची पोती, कोठा, पावसाळ्यातली डबकी तुमच्या घराला लागूनच आहेत. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांधीत उतरणाऱ्या वाचकांनी तर हे जास्तच मनावर घ्यावं. ताडोबा, बोर, पेंच, मेळघाट अशा जंगलांच्या कडेला राहणाऱ्यांना वेगळी विनंती: डिस्टेंपर कुत्र्यांपुरता राहत नाही, वाघ-बिबट्यांनाही लागतो. 2018 मध्ये गीरमध्ये सिंहांचे मृत्यू झाले, त्यात हाच विषाणू सापडला होता. आपली कुत्री लसवंत असली तर जंगलावरचं एक संकट कमी होतं.

यानंतर ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, ते रविवारचं आतडं-काळीज. ताई, हे कच्चं घालणं आजपासून थांबवा. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात, फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. कुत्र्याने ते कच्चं खाल्लं की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे फीतकृमी वाढतात. कुत्र्याला त्याचा त्रासही होत नाही. त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, अंगणातल्या मातीत, त्याच्या केसांत राहतात, आणि तिथून खेळणाऱ्या लेकराच्या हाताने तोंडात जातात. मग तशाच पाण्याच्या गाठी माणसाच्या यकृतात, फुप्फुसात हळूहळू वर्षानुवर्षं वाढतात, पुष्कळदा ऑपरेशनच करावं लागतं. द्यायचंच असेल तर चांगलं अर्धा तास उकळून द्या. गोल जंताची अंडीही अशीच अंगणात वर्षानुवर्षं टिकतात. लहान मुलाच्या डोळ्यात त्याची अळी गेली तर नजर अधू होऊ शकते. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, आणि तोच कृमी कुत्र्याचं रक्त पिऊन त्याला पांढरंफटक करतो.

म्हणून वार्षिक तपासणीत विष्ठा बघणं रक्ताइतकंच महत्त्वाचं आहे. सकाळची ताजी, भुईमुगाच्या शेंगेएवढी विष्ठा झाकणाच्या स्वच्छ डबीत घ्या, उन्हात ठेवू नका, दोन-तीन तासांत पोचवा. शिवाय जंताची गोळी दर तीन महिन्यांनी, वजनावर. तारखा लक्षात राहत नसतील तर होळी, मृग, पोळा आणि कापसाची वेचणी आवरली की, असे चार टप्पे धरा. औषधात प्राझिक्वान्टेल आहे का ते विचारा, फीतकृमी त्याने मरतात. शेळ्यांचं जंताचं औषध त्यालाच ओतू नका. पोराचे हात जेवणाआधी साबणाने धुवायची सवय लावा, आणि अंगणातली विष्ठा रोज उचलून लांब पुरा. मोतीला लेकरापासून तोडायची काही गरज नाही.

डॉक्टर हाताने काय बघतील तेही सांगते, म्हणजे काही राहून गेलं तर तुम्ही आठवण कराल. दात आणि हिरड्या, कान, डोळे, गळ्याखालच्या आणि मांड्यांमागच्या गाठी, छातीचे ठोके, पोट दाबून, कातडी, पंजांच्या मधल्या फटी. नराच्या लिंगाच्या खोळीतून रक्ताचे थेंब पडतात का, हे सांगायला बायामाणसं लाजतात. लाजू नका. गावात मोकळं फिरणाऱ्या कुत्र्यांमध्ये संगातून पसरणारा एक ट्यूमर बराच दिसतो, आणि आठवड्याच्या इंजेक्शनांनी तो सहसा पूर्ण बरा होतो. लपवून ठेवला तर वाढत जातो.

वजन तर तुम्ही घरीही घेऊ शकता. कापूस किंवा धान्य तोलायच्या काट्यावर मालकांनी मोतीला उचलून उभं राहायचं, मग एकट्याने, वजाबाकी करायची. वीस किलोच्या कुत्र्याचे दोन किलो उतरले तर ते साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरल्यासारखं आहे, पण अंगावरच्या केसांमुळे डोळ्याला दिसत नाही. महिन्यातून एकदा ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा. पांढरी होऊन दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हिरडी आधीपासूनच फिकट किंवा पिवळसर दिसली, पोटाच्या उघड्या कातडीवर लाल ठिपके दिसले, तर काहीतरी बिघडलं आहे.

मोती सहा वर्षांचा आहे, म्हणजे माणसाच्या हिशेबात चाळिशी ओलांडलेला. या वयापासून लघवी आणि किडनी बघायला लागावं. किडनीचा रक्तातला आकडा, क्रिएटिनिन, बराच उशिरा वाढतो. साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत तो ठीकच दिसू शकतो. लघवी त्याआधी पातळ व्हायला लागते. म्हणून यंदाचा आकडा नॉर्मल आला तरी कागद फेकू नका. पुढच्या वर्षी त्याच्याशी ताडून बघता येतं, थोडासा चढ असला तरी कळतो. लघवी धरायला सकाळी साखळी लावून बाहेर न्या, त्याने पाय उचलला की लांब दांड्याचा जुना डाव हळूच खाली धरा आणि स्वच्छ बाटलीत ओता. पहिल्या दिवशी तो बिचकेल, दुसऱ्या दिवशी जमतं.

भाच्याच्या यादीतलं बाकीचं तूर्त सोडा. लॅब्रॅडॉरला वजन आणि खुब्याचे त्रास फार, त्यासाठी त्यांचे एक्स-रे काढतात. मोती रात्रभर धावतो. तो लंगडत नसेल, पोट फुगलं नसेल, तर एक्स-रे, सोनोग्राफी, थायरॉइड यांवर आत्ता पैसे घालायची गरज मला दिसत नाही. इंटरनेटवर हार्टवर्मच्या वार्षिक चाचणीबद्दल वाचाल. ती अमेरिकेत नेमाने करतात, कारण डासांतून पसरणारा तो जंत तिथे मोठी अडचण आहे. वर्ध्याच्या कोठ्यातल्या कुत्र्याचा पैसा आधी गोचिडीच्या रोगांवर लागावा. डॉक्टरांना स्मिअरमध्ये वेगळं काही दिसलं तर ते सांगतीलच.

कुठे जायचं? लस, अंगाची तपासणी आणि जंताची गोळी तुमच्या जवळच्या ढोरांच्या सरकारी दवाखान्यात होईल. श्रेणी 1 च्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतात, श्रेणी 2 मध्ये बहुतेक पदविकाधारक, म्हणून तपासणीसाठी श्रेणी 1 गाठा. शुल्क नाममात्र असतं. डॉक्टर कधी दौऱ्यावर असतात, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून लस आहे का, काच तपासता येईल का, हे दोन्ही विचारून घ्या. तिथे सोय नसेल तर वर्ध्याचं जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. सगळ्यात चांगली सोय नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आहे. 1958 पासूनची संस्था आहे, शिकवणारे डॉक्टर स्वतः बघतात. जाम गावावरून नागपूर तुम्हाला सरळ पडतं. गावातल्या आणखी दोन-तीन घरची कुत्री घेऊन एकच गाडी केली तर भाडं वाटून जाईल. पश्चिम विदर्भातल्या वाचकांना अकोल्याची पशुवैद्यक संस्था जवळ.

वेळ होळीनंतरची धरा. हरभरा-गहू घरात आलेला असतो, हातात थोडा पैसा असतो, आणि पारा अजून 45 कडे गेलेला नसतो. गोचिड्यांचा आणि पावसाचा मोसम सुरू व्हायच्या आत सगळं आटोपतं. यंदा मात्र मोतीची लस राहिलेली आहे, तेव्हा रेबीजसाठी होळीपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात न्या. निघताना पहाटे निघा. रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर द्या, सकाळी फक्त पाणी, म्हणजे रक्ताचे आकडे नीट येतात. मोती कधी दवाखान्यात गेलेला नाही, तर आजपासूनच साखळीची आणि अंगभर हात फिरवून घ्यायची सवय लावा. टोचताना तोंडाला सुती ओढणीची पट्टी बांधली तरी चालते, पण काम झालं की लगेच सोडा. कुत्रा धापा टाकूनच अंग गार करतो, बांधलेल्या तोंडाने त्याला ते जमत नाही.

घोळणा फुटणं, कॉफीसारखी लघवी, दोन दिवस अन्न न शिवणं, अचानक स्वभाव बदलून अंगावर येणं किंवा लाळ गळणं, यांपैकी काही दिसलं तर वार्षिक तपासणीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना, किंवा 1962 या टोल-फ्री नंबरवर फोन. स्वभाव बदलला आणि लाळ गळत असेल तर त्याच्या तोंडात हात घालू नका, लेकराला घरात घ्या आणि दुरून बंद करून डॉक्टरांना बोलवा. आणि ताप-दुखण्यासाठी घरातली माणसांची गोळी, क्रोसिन, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, कुठलीच देऊ नका, त्यांनी कुत्र्याचं यकृत, पोट, किडनी बिघडते.

रक्ताचा कागद आला की प्लेटलेट्स, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन हे तीन आकडे आणि मोतीचं वजन मला लिहून पाठवा. औषध तुमचे डॉक्टर देतील, पण पुढच्या वर्षी काय वाढवायचं आणि काय सोडायचं, ते त्यावरून सांगता येईल.